पुलावरून की पुलाखालून? मराठवाड्यातल्या दिशाफलकांवर चार दिवस

वाट अशी: छत्रपती संभाजीनगरहून बीडमार्गे धाराशिव, तिथून तुळजापूर-औसा करत लातूर, मग नांदेड आणि वर वारंगा फाट्यापर्यंत, आणि परतीला परभणी-जिंतूर-जालना. सगळं मिळून आठशेच्या आसपास किलोमीटर. देवळं, लेण्या, खाणंपिणं यांचा हिशोब यात नाही. मोठ्या रस्त्यावरच्या हिरव्या पाटीवर जे गाव लिहिलंय, तेच शेजारच्या सर्व्हिस रोडवर, गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आणि पुढच्या फाट्यावर सापडतं का, एवढंच बघायचं होतं. पुष्कळ ठिकाणी सापडत नाही, आणि त्याची कारणं ठरावीक आहेत.

पाट्यांच्या कामात एक साधा नियम आहे. एकदा दाखवलेलं गाव ते येईपर्यंत प्रत्येक फाट्यावर दाखवायचं. मध्येच ते गळालं की गाडीवाल्याला वाटतं आपला रस्ता चुकला. तो ब्रेक मारतो, आणि मागच्या उसाच्या ट्रॅक्टरला ते कळत नाही.

दिवस पहिला: छत्रपती संभाजीनगर ते धाराशिव (सुमारे 245 किमी)

गोंधळ शहर सोडण्याआधीच सुरू होतो. 'बीड बायपास' म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला वाटतं, बीड शहराला वळसा घालणारा रस्ता. प्रत्यक्षात तो बीडच्या सव्वाशे किलोमीटर अलीकडे, संभाजीनगरच्याच दक्षिण अंगाला आहे. सातारा-देवळाईतून झाल्टा फाट्याकडे जातो. एके काळी शहराबाहेरून बीडकडे काढून देत होता म्हणून ते नाव. आता दोन्ही अंगांना सोसायट्या, मंगल कार्यालयं, हार्डवेअरची दुकानं. त्यातही 'सातारा' म्हणजे खंडोबाचा सातारा परिसर, कृष्णाकाठचा सातारा नव्हे. शहराला खरोखर टाळून जायचं तर बाहेरून गेलेला 52 क्रमांकाचा वळणरस्ता धरायचा, करोडीपासून निपाणीपर्यंतचा. बीडला पोचल्यावर बीडचा स्वतःचा बायपास वेगळाच लागतो. तेव्हा फोनवर कुणी "बायपासला थांबा" म्हटलं, तर कुठल्या ते विचारून घ्यायचं.

दुसरी अडचण नावाची. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या नावांतल्या बदलाला केंद्राची मंजुरी 24 फेब्रुवारी 2023 ला मिळाली. पाट्या एका दिवसात बदलत नाहीत, त्यामुळे एकाच रस्त्यावर जुनं नाव, नवं नाव आणि जुन्यावर चिकटवलेलं नवं नाव अशा तिन्ही पिढ्या नांदतात. शिवाय 'औरंगाबाद' जेवढ्या जागेत बसायचं, तेवढ्यात 'छत्रपती संभाजीनगर' बसत नाही. मग कुठे 'छ. संभाजीनगर', कुठे 'संभाजीनगर', तर कुठे अक्षरं बारीक करून पूर्ण नाव. तोंडी बोलताना आणखी एक गंमत होते. मराठवाड्यात 'नगर' म्हणजे पिढ्यान्पिढ्या अहमदनगर. त्याचं 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. नेवासा फाट्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला संभाजीनगर, दुसऱ्या टोकाला अहिल्यानगर. दोन्हींचं शेपूट एकच, त्यामुळे आखूड करताना 'नगर' एवढंच ठेवणं इथे चालत नाही. आखूड करायचंच तर पुढचा भाग ठेवावा.

अक्षरं बारीक करणं किती महागात पडतं त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला 28 मीटर पळते. चांगल्या नजरेला 1 सेंटिमीटर उंचीचं अक्षर ढोबळमानाने 4 ते 5 मीटरवरून वाचता येतं. म्हणजे 20 सेंटिमीटरचं अक्षर 80 ते 100 मीटरवरून दिसेल आणि वाचायला तीन-साडेतीन सेकंद मिळतील. अक्षर 12 सेंटिमीटरवर आणलं की उरतात दोन सेकंद किंवा त्याहून कमी. त्यात दोन लिप्यांतली तीन गावं वाचायची, आरशात बघायचं आणि लेन बदलायची. देवनागरीला वेलांटी-मात्रांसाठी वर-खाली जागा लागते. रोमन अक्षराएवढीच पट्टी आखून दिली की मूळ अक्षर आणखी दबतं.

गेवराईच्या पुढे एका फाट्यावरची अशी पाटी थांबून जवळून बघितली. मूळ पत्र्यावर चमकणारी पन्नी, त्यावर नव्या नावाची हिरवी पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या खालच्या कडेला हवा धरलेली, एक कोपरा उन्हाने वळून आलेला, आणि त्या कोपऱ्यातून जुन्या नावाचा शेवटचा 'द' डोकावत होता. दिवसा एवढं चालून जातं. रात्री हेडलाइट पडले की मूळ पन्नी पांढरी लख्ख दिसते आणि वरची पट्टी मंद, कारण दोन्हींचा परावर्तनाचा दर्जा वेगळा. नवं नाव अंधारात आणि भोवतीची गावं उजेडात. पट्टी चिकटवायचीच असेल तर त्याच दर्जाची पन्नी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लावून तो पत्रा रिव्हेटने ठोकायचा. नुसतं स्टिकर इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही.

आता क्रमांक. धुळे-सोलापूर रस्ता पूर्वी 211 होता. 2010 मध्ये देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले तेव्हा तो 52 मध्ये गेला, आणि हा 52 पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जातो. नवी पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे: उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आकडे, पूर्व-पश्चिमेला विषम. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात, म्हणून मराठवाड्यात वर 61, मग 63, आणि खाली उमरग्याजवळून जाणारा 65. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ रस्ता सांगतात. 161 आणि 361 हे 61 चे फाटे, 752 हा 52 चा. मात्र फाटा कुठल्या दिशेने जाईल हे त्यावरून कळत नाही. नावं बदलतात, आखूड होतात, चुकतात. क्रमांकाचं तसं सहसा होत नाही. म्हणून वाचायला वेळ नसेल तेव्हा आधी आकडा बघावा. अडचण अशी की शेजारच्या सर्व्हिस रोडवर तो बहुधा लिहिलेलाच नसतो, आणि टपरीवर कुणी वापरत नाही. टपरीवर विचाराल तर 52 हा 'धुळे-सोलापूर' आणि 61 हा 'कल्याण-विशाखापट्टणम'.

गढीला हे सगळं एकत्र येतं. इथे 52 ला 61 भेटतो. दक्षिणेकडे जाताना डावीकडे माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड. यातलं कुठलं नाव पाटीवर घालायचं? माजलगाव घातलं तर नांदेडचा ट्रक चुकतो, नुसतं नांदेड घातलं तर माजलगावची एसटी सोडून बाकी सगळे विचारत बसतात. दोन्ही हवीत, जवळचं आणि लांबचं, आणि पुढच्या प्रत्येक पाटीवर तीच जोडी राहायला हवी. इंग्रजी अक्षरांचा घोळ आहे तो वेगळाच. गेवराईचं स्पेलिंग कुठे जी-ई-ओने सुरू होतं, कुठे जी-ई-व्हीने. बीडमध्ये कुठे दोन ई, कुठे नुसता आय. उमरगा ओने आणि यूने, दोन्ही. मराठी वाचणाऱ्याला फरक पडत नाही. तामिळनाडूच्या ट्रकवाल्याला ही दोन वेगळी गावं वाटतात.

बीडला पुलावरून जायचं की खालून, हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. महामार्ग शहराबाहेरून जातो आणि त्याच्या पाट्यांना सोलापूर-धुळे अशी लांबची गावं कळतात. शहरातल्या जुन्या रस्त्यांची नावं मात्र वेगळ्याच काळातली आहेत: बार्शी रोड, जालना रोड, नगर रोड. सोलापूरला जायचं तर बार्शी नाका, संभाजीनगरला जायचं तर जालना रोड! जुन्या काळी माणसं जिथे जात-येत होती त्या गावांवरून ही नावं पडली, आणि त्यात चूक काही नाही. पण शहरातून महामार्गावर चढणाऱ्याला 'सोलापूर' हे नाव शेवटच्या चौकापर्यंत दिसत नसेल, तर तो रिक्षावाल्यालाच विचारणार.

फोनवरचा नकाशा इथे मदत करतो असं वाटतं, पण मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यात काही मीटरचंच अंतर असतं, आणि फोनची चूकही तेवढीच असू शकते. गाडी खाली असताना तो वर समजतो, आणि "सरळ चालत राहा" म्हणून दोन किलोमीटर पुढे नेतो. म्हणून बायपास जवळ आला की नकाशातली बाई काय म्हणते त्यापेक्षा डाव्या हाताची पाटी बघावी.

मांजरसुंब्याला 548-ड आडवा जातो. डावीकडे केज-अंबाजोगाई, उजवीकडे पाटोदा-जामखेड. पुढे येरमाळ्याला 548-क, म्हणजे बार्शी-कळंब. येडशीला डावीकडे ढोकी-मुरूड करत लातूर, उजवीकडे बार्शी. दुभाजकाच्या रस्त्यावर जिथे जिथे पूल आहे तिथे एक गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्याला पटत नाही: उजवीकडे जायचं असेल तर आधी डावीकडे उतरायचं, पुलाखालून वळायचं, मग उजवीकडे. पाटीवर उजवा बाण काढला तर माणूस उजव्या लेनला जातो आणि पूल चढून पुढे निघून जातो. इथे बाण डावा हवा, आणि त्याखाली दोन्ही बाजूंची गावं. पुलाखाली आल्यावर दुसरी पाटी, तिथे दोन बाण. पुष्कळदा पहिली असते, दुसरी नसते. मग दुसरीचं काम पुलाखालचा चहावाला करतो:

"दादा, बार्शी?"

"वर चढू नका. डाव्या अंगानं उतरा, पुलाखालनं उजवीकडं घ्या."

अकरा शब्दांत काम झालं. हेच दोन पाट्यांवर बसतं.

दिवस दुसरा: धाराशिव-तुळजापूर-औसा-लातूर (सुमारे 100 किमी)

छोटा टप्पा. तुळजापूरला 52 सरळ सोलापूरकडे उतरतो आणि 361 इथून सुरू होऊन औसा, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळ बुटीबोरीला संपतो. नळदुर्गकडेही रस्ता जातो, तो 65 ला मिळतो, म्हणजे हैदराबादची वाट. तीन दिशा, तीन लांबची नावं: सोलापूर, नागपूर, हैदराबाद. देवीला आलेल्या माणसाला मात्र यातलं एकही नको असतं. त्याला गाडी लावायची जागा हवी असते आणि परत जायला लातूर किंवा बार्शी.

नवरात्रात आणि कोजागरीला इथली वाहतूक वळवतात. त्या दिवसांत कायमची पाटी आणि बांबूला बांधलेला फ्लेक्स एकमेकांना खोटं पाडतात. तात्पुरता फलक लावताना मागच्या कायमच्या पाटीवरचा त्या दिशेचा बाण पोत्याने झाकणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते राहून जातं. वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र पाटी झाकायला कधी विसरत नाहीत. दिशाफलकाचे खांब मजबूत, उंची नेमकी, समोर गाड्यांची रांग. फ्लेक्स बांधणाऱ्याला आणखी काय हवं.

औशाच्या पुढे लातूर येतं तेव्हा शहरात न शिरता नांदेडकडे जायचं असेल तर 'लातूर' हे नाव बघून वळू नये, 361 आणि नांदेड या जोडीच्या मागे राहावं. शहरात शिरलातच तर रिंगरोडच्या दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात: औसा रोडवर राजीव गांधी चौक, नांदेड रोडवर गरुड चौक. लातूरकर चौकांवर चालतात, महामार्ग क्रमांकावर. दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही.

दिवस तिसरा: लातूर-अहमदपूर-नांदेड-वारंगा फाटा (सुमारे 185 किमी)

आजचा दिवस सारख्या नावांचा. आष्टामोडला उदगीरचा रस्ता फुटतो, तिथे चूक सहसा होत नाही. पुढे शिरूर ताजबंद. लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ हा तालुका, बीड जिल्ह्यात शिरूर कासार, आणि पुण्याकडे घोडनदीचं शिरूर. बोलताना सगळ्यांचं 'शिरूर'. पाटीवर जागा वाचवायला मागचा शब्द गाळला की काय होतं ते उदगीरहून येणाऱ्या मालवाहू गाडीला विचारा. नाव दोन शब्दांचं असेल तर दुसरा शब्द शोभेचा नसतो, तोच पत्ता असतो.

तसंच लोहा आणि लोहारा. लोहा याच रस्त्यावर, नांदेड जिल्ह्यात. लोहारा मागे धाराशिव जिल्ह्यात. आणि कळंब. काल येरमाळ्याला भेटलेलं कळंब धाराशिवचं. पण हाच 361 पुढे यवतमाळ ओलांडून वर्ध्याकडे जाताना दुसऱ्या कळंबमधून जातो. नागपूरहून निघालेला आणि धाराशिवच्या कळंबला जाणारा माणूस एकाच प्रवासात दोन्ही नावं वाचतो. म्हणून तालुक्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत जिल्हा लिहिण्याची पद्धत गावच्या पाट्यांवर असते ती महामार्गावरच्या सारख्या नावांनाही लावायला हरकत नाही.

नांदेडला शहराचे नाके पुन्हा आपापली नावं घेऊन उभे: लातूर फाटा, देगलूर नाका, हिंगोली गेट. ही नावं एक उपयोग करून देतात. नाक्याचं नाव ज्या गावाचं, तो रस्ता पूर्वी त्या गावाला जात होता आणि बहुतेक अजूनही जातो. पण गेट आता शहराच्या पोटात आहे. हिंगोली गेटला पोचलात म्हणजे हिंगोलीच्या वाटेला लागलात असं नाही; आसना नदीचा पूल ओलांडून अर्धापूरकडे निघालात म्हणजे लागलात.

आसनेच्या पलीकडे एकाच डांबरावर एकाहून जास्त क्रमांक चालतात. अकोल्याहून हिंगोलीमार्गे येऊन देगलूरकडे जाणारा 161, आणि नागपूरकडे जाणारा 361. भोकर फाट्याला 61 भोकर-भैंसा करत तेलंगणातल्या निर्मलकडे सुटतो. वारंगा फाट्याला 161 आणि 361 वेगळे होतात: एक कळमनुरी-हिंगोली, दुसरा हदगाव-उमरखेड-यवतमाळ. अशा जोडरस्त्यावर ढालीच्या आकाराच्या पाटीवर एकच क्रमांक लावला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या मागे येणाऱ्याला आपला महामार्ग संपला असं वाटतं. दोन क्रमांक चालत असतील तर दोन्ही ढाली, प्रत्येक वेळी. हाच नियम मैलाच्या दगडांनाही हवा. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा आणि राज्य मार्गाचा हिरव्या डोक्याचा असतो हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण दगड जुन्या रस्त्यालगत तसाच राहिला आणि महामार्ग बायपासवर गेला, तर पिवळं डोकं बघून माणूस गावातल्या बाजारात शिरतो. जुना रस्ता ओळखायची त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे कडेची चिंच-लिंबाची जुनी झाडं. नव्या बायपासला सावली नसते.

दिवस चौथा: नांदेड-परभणी-जिंतूर-जालना-छत्रपती संभाजीनगर (सुमारे 290 किमी)

61 ने पश्चिमेकडे. वसमत कुठे 'वसमत', कुठे 'बसमत'. झिरो फाट्यासारखी नावं एसटीच्या कंडक्टरला आणि प्रवाशांना पुरतात, लांबून येणाऱ्याला नाही. परभणीच्या पुढे हाच 61 मानवत, पाथरीकडे जातो आणि बऱ्याच पुढे अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डीला. पाथरी आणि पाथर्डी, एकाच महामार्गावर, एका 'ड'च्या फरकाने. पन्नी सोलून तो 'ड' गेला की दीडशे किलोमीटरचा फरक पुसला जातो.

परभणीहून जिंतूर, तिथून मंठा, जालना. मंठ्याला पुन्हा 548-क आडवा येतो, तोच, येरमाळ्याला भेटलेला. केज-माजलगाव-परतूर करत इथवर आलेला आणि पुढे लोणारकडे जाणारा. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जिल्ह्यांत आकडा तोच. दोन्हीकडच्या पाटीवरची गावं मात्र एकही सामाईक नाही. रस्ता खरोखर लांब असला की असं होणारच, आणि आकड्याचं काम इथेच सुरू होतं.

जालन्याला दोन पर्याय. जुना जालना रोड: बदनापूर, करमाड, शेंद्रा, चिकलठाणा. आणि त्याला जवळपास समांतर समृद्धी महामार्ग, निधोन्याजवळून चढायचं. 701 किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण झाला. इथे पाट्यांचा रंगही बदलतो: द्रुतगती मार्गाला निळी पाटी, महामार्गाला हिरवी. कुठल्या जातीच्या रस्त्याची पाटी आहे हे अक्षर वाचण्याआधी रंगावरून कळतं. दुचाकी आणि रिक्षा यांनी निळी पाटी दिसली की मागे फिरायचं, त्यांना वर मनाई आहे.

समृद्धीला चढताना जालन्याच्या माणसाचा पहिला अडथळा दिशेचा. त्याला साठ किलोमीटरवरच्या संभाजीनगरला जायचंय, आणि या रस्त्याची दोन टोकं आहेत मुंबई आणि नागपूर. संभाजीनगर म्हणजे मुंबईची बाजू, हे घरून निघतानाच मनात पक्कं करून ठेवायचं. लूपवर, म्हणजे चढण्याच्या गोल वळणावर, चुकीच्या फाट्याला लागलात तर दुभाजकात वळायला जागा नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत, म्हणजे चढ-उताराच्या पुढच्या जागेपर्यंत, जाऊन तिथून परत.

दुसरा अडथळा उतरण्याचा. शहरासाठी तीन ठिकाणी उतरता येतं, आणि तिघांची नावं खेड्यांची: शेंद्रा, सावंगी, माळीवाडा. जालन्याकडून याच क्रमाने येतात. चिकलठाणा विमानतळ, एमआयडीसी, सिडको ही पूर्व बाजू असेल तर शेंद्रा. हर्सूल, टीव्ही सेंटर किंवा सिल्लोड-अजिंठ्याचा रस्ता हवा असेल तर सावंगी. दौलताबाद, वेरूळ आणि शहराची पश्चिम बाजू असेल तर माळीवाडा. नागपूरहून येणाऱ्याला ही खेडी माहीत असायचं कारण नाही. सावंगी म्हटलं तर त्याला वर्ध्याजवळची सावंगी मेघे आठवेल, जी त्याने याच रस्त्यावर मागे टाकली आहे. म्हणून अशा शहराला पाटीवर तीन वेळा तेच नाव लिहून भागत नाही. 'छत्रपती संभाजीनगर पूर्व', 'उत्तर', 'पश्चिम' अशी दिशा जोडायला हवी, आणि खाली इंटरचेंजचं खेडं. ताशी 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर तिथे कुणी वाचत नाही.

तिसरा अडथळा खाली उतरल्यावर. वर 'मुंबई' वाचत आलेला माणूस शेंद्र्याला टोलच्या बाहेर जालना रोडवर येतो तेव्हा मुंबई हे नाव गायब होतं. समोर नावं दोनच: एका बाजूला जालना, दुसऱ्या बाजूला शहर. जालन्याहूनच आलेला म्हणतो, मी तर जालना मागे टाकला. पण लूपमध्ये गाडी गोल फिरलेली असते आणि दिशेचं भान सुटलेलं असतं. इथे फलक वाचायचा नसेल तर कडेचे किलोमीटरचे आकडे बघावेत, शहराचा आकडा कमी होत जायला हवा. करमाड लागलं तर उलटे निघालात. विमानतळाची भिंत उजव्या-डाव्या कुठल्याही हाताला दिसली तर बरोबर.

आणि बीडकडे जायचं असेल तर शहरात शिरण्याआधी केंब्रिज चौकात डावीकडे, झाल्टा फाट्याला.